काल्पनिक हुकूमशाही देशातल्या निवडणुकांचा इतिहास कसा रचावा?

तुम्ही विचारलंय की कादंबरीतल्या देशात चाळीस वर्षांत नऊ निवडणुका होतात आणि दर वेळी तोच माणूस जवळपास शंभर टक्के मतांनी येतो, हे वाचकाला पटेल का?

पटेल की! इराकमध्ये सद्दामला १९९५ साली ९९.९६ टक्के मिळाले आणि २००२ साली सरळ शंभर. लायबेरियात १९२७ साली नोंदलेले मतदार पंधरा हजारांच्या आसपास, तरी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स किंग दोन लाखांवर मतं घेऊन बसले. पण असला आकडा वाचून वाचक एकदा हसेल आणि पान उलटेल. तुम्ही एखादं मतदान केंद्र आतून दाखवा.

मी ऐरोलीत शिक्षक आहे, त्यामुळे इलेक्शन ड्युटी पाचवीला पुजलेली. पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या एजंटांसमोर मॉक पोल: किमान पन्नास मतं टाकायची, मोजून दाखवायची, पुसायची. मग तो पुठ्ठ्याचा आडोसा खिडकीतून दिसणार नाही असा कुठे लावायचा यावर खल. गेल्या खेपेला एक आजी आडोशामागून ओरडल्या, "मास्तर, ते आपलं कुठलं ओ?" सगळ्या एजंटांचे कान टवकारले. म्हटलं, "आजी, मला विचारू नका आणि कुणाला सांगूही नका."

आता कम्युनिस्ट राजवटीतला पूर्व जर्मनी बघा. तिथेही आडोसा असायचा, पण बहुतेक लोक तिकडे फिरकत नसत. उमेदवारांची एकच यादी, तो कागद घ्यायचा, सगळ्यांदेखत घडी घालायची, पेटीत टाकायचा. विरोध करायचा तर आडोशात जाऊन नावं खोडावी लागत, आणि तिकडे वळलेला माणूस लगेच नजरेत भरायचा. थोडक्यात, मतदान कसलं, हजेरीच ती! तुमच्या नायिकेला टेबलापासून त्या कोपऱ्यापर्यंत चालत न्या. अख्खं प्रकरण तेवढ्या दहा पावलांवर निघेल.

आणि शेवटची निवडणूक उठावानेच बुडवली पाहिजे असं नाही. ७ मे १९८९ च्या स्थानिक निवडणुकांत पूर्व जर्मनीतल्या नागरिकांनी साधी गोष्ट केली. कायद्याने मोजणी खुली होती, म्हणून ते केंद्राकेंद्रावर जाऊन उभे राहिले, 'नाही'ची मतं वहीत टिपली आणि बेरीज केली. संध्याकाळी निवडणूक आयोगाचे प्रमुख एगॉन क्रेंझ यांनी यादीच्या बाजूने ९८.८५ टक्के जाहीर केले. वहीतला हिशेब जुळेना. मग दर महिन्याच्या ७ तारखेला बर्लिनमध्ये निदर्शनं, आणि ९ नोव्हेंबरला भिंत उघडली. बाकीही कारणं होती, पण कादंबरीला वही पुरते.

आपल्याकडे त्या वहीच्या जागी १७-सी नमुना आहे. किती मतं पडली ते लिहून सह्या घ्यायच्या आणि एजंटांना प्रत द्यायची. एकदा एक पोरगेलासा एजंट सही करून प्रत न घेताच निघाला होता. घरी जायची घाई मलाही होती, पण मी शाळेच्या गेटपर्यंत धावत जाऊन ती त्याच्या हातात कोंबली.