सिसिलीतली ती दहा वर्षं

प्रिय,

तुझी यादी मिळाली. जानेवारीतले नऊ दिवस, भाड्याची गाडी, तू आणि तुझी मैत्रीण, आणि इटलीच्या सिसिली बेटावरची एकोणीस ठिकाणं. यादी मन लावून केली आहेस, हे प्रत्येक ओळीत दिसतं. पण ती तशीच घेऊन निघालात, तर नऊ दिवसांत देवळांपेक्षा गाडीची काचच जास्त बघाल. फोनवर घाईघाईत बोलण्यापेक्षा नीट लिहावं असं वाटलं, म्हणून हे पत्र.

आधी दिवसाचा हिशेब. जानेवारीत तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. उघड्यावरची बहुतेक ठिकाणं त्याच्या तासभर आधी बंद होतात, आणि तिकीटखिडकी त्याच्याही आधी. सकाळी नऊला आत शिरलात तरी हातात सहा-सात तास राहतात. त्यात दोन ठिकाणं नीट होतात, तिसरं होत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुपारचं जेवण लांबवलं आणि सेजेस्ताच्या फाटकाशी पोचलो तो खिडकी बंद झाली होती. टेकडीवरचं देऊळ समोर दिसत होतं, त्याच्या खांबांवर शेवटचं ऊन होतं, आणि मी रस्त्यावर उभा. चूक माझीच होती. दुसऱ्या दिवशीचा सगळा बेत मोडून परत यावं लागलं. तेव्हापासून मी दिवस सूर्यास्तापासून उलटा आखत येतो. तूही तसंच कर. महत्त्वाचं ठिकाण सकाळी घे, गाडी दुपारनंतर चालव, आणि अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोच.

दिवस लहान असला तरी ऋतू तू चांगला निवडला आहेस. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, आपल्या बरोबर उलट. जुलैत तिथली जमीन करपलेली असते. जानेवारीत मात्र आपल्या श्रावणातल्या मावळासारखी हिरवी, आणि पडक्या दगडांच्या मधून आंबुशीच्या जातीची पिवळी फुलं उगवलेली. महिन्याच्या अखेरीस अग्रिजेन्तोच्या बाजूला बदामाला बहर येऊ लागतो. थंडी आपल्या महाबळेश्वरइतकीच, पण वारा बोचतो आणि सर अचानक येते. ओला चुनखडीचा दगड फार निसरडा असतो, तेव्हा बूट चांगल्या पकडीचे घे. छत्री नको, वाऱ्यात टिकणार नाही. रेनकोट घे.

आता मुद्द्याचं. एकोणीस ठिकाणांऐवजी दहा वर्षं निवड. इसवी सनापूर्वी ४१६ ते ४०६. तुझ्या यादीतली चार मोठी ठिकाणं या एकाच गोष्टीत गुंफलेली आहेत, आणि ती गोष्ट डोक्यात असली की प्रत्येक दगड तुझ्याशी बोलू लागतो.

गोष्ट अशी. तेव्हा बेटाच्या किनाऱ्यांवर ग्रीकांनी वसवलेली नगरं होती. सेजेस्ता आणि ग्रीकांचं सेलिनुन्ते ही बेटाच्या पश्चिमेची दोन शेजारी नगरं. हद्दीवरून त्यांचं भांडण पेटलं आणि सेजेस्ताने ४१६ मध्ये अथेन्सकडे मदत मागितली. पैशाची चिंता करू नका, आमच्याकडे भरपूर आहे, असा निरोप धाडला. अथेन्सचे लोक खात्री करायला आले, तेव्हा त्यांना घरोघरी मेजवान्या झडल्या आणि प्रत्येक घरी सोन्याचांदीचे पेले मांडलेले. खरं म्हणजे तेच पेले एका घरातून दुसऱ्या घरात फिरत होते, आणि त्यातले कितीतरी शेजारच्या गावांतून मागून आणलेले होते. हे थ्युसिडिडीज या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. अथेन्सचं आरमार ४१५ मध्ये निघालं आणि ४१३ मध्ये बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सिरॅक्यूज या ग्रीक नगरापाशी पुरतं बुडालं. सेजेस्ता एकटं पडलं. त्याने मग समुद्रापलीकडच्या, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला हाक मारली. कार्थेजच्या फौजेने ४०९ मध्ये सेलिनुन्ते नऊ दिवसांत घेतलं आणि ४०६ मध्ये अक्रागास, म्हणजे आजचं अग्रिजेन्तो, लुटलं. शेजाऱ्याशी असलेल्या हद्दीच्या वादातून एवढं सगळं झालं.

पालेर्मोच्या विमानतळावर उतरून पहिला मुक्काम सेजेस्ताच्या जवळपास कर. तिथलं देऊळ दुरून पूर्ण वाटतं. छत्तीस खांब, वर आडवे दगड, त्रिकोणी माथा. जवळ गेलीस की मग बघ. खांब गुळगुळीत आहेत, त्यांवर उभ्या पन्हळी नाहीत, कारण त्या सगळ्यात शेवटी कोरत. आत गाभारा नाही. आणि पायऱ्यांच्या दगडांवर बाहेर आलेले उंचवटे दिसतील. दगड हलवता-बसवताना उपयोगी पडावेत म्हणून ते ठेवत आणि काम संपताना तासून टाकत. इथे कुणी तासलेच नाहीत. चाळीस वर्षं बांधकामावर काढलेल्या माणसाला हे बघून काय वाटतं ते सांगता येत नाही. जणू काल संध्याकाळी मजूर हत्यारं ठेवून घरी गेले आणि आज सकाळी आलेच नाहीत. अथेन्सच्या पाहुण्यांवर छाप पाडायलाच हे देऊळ उभारायला घेतलं, असाही एक तर्क आहे. देवळानंतर पलीकडच्या डोंगरावरच्या नाट्यगृहाला चढून जा.

सेलिनुन्ते तिथून तासाभरावर, समुद्राकाठी. आवार प्रचंड आहे, अख्खी सकाळ दे. देवळांना तिथे नावं नाहीत, नुसती अक्षरं आहेत, कारण कुठलं कोणाचं ते बहुतेकांचं नक्की ठरत नाही. ‘ई’ देऊळ विसाव्या शतकात पुन्हा उभं केलेलं आहे, फोटो सगळे त्याचेच काढतात. तू त्याच्या पलीकडच्या ‘जी’ देवळाच्या ढिगाऱ्याशी थांब. ग्रीकांनी बांधायला घेतलेल्या सगळ्यात मोठ्या देवळांपैकी ते एक, शंभर मीटरहून लांब, आणि तेही अपुरंच राहिलं.

मग गाडी काढ आणि दहा-बारा किलोमीटरवरच्या कूसाच्या खाणीत जा. तुझ्या यादीत ती नाही. मला विचारशील तर बाकीचं काही राहिलं तरी चालेल, ही चुकवू नकोस. निघण्याआधी उघडी आहे ना, ते मुक्कामावर विचारून घे.

सेलिनुन्तेच्या देवळांचा दगड इथून जात असे. ऑलिव्हच्या झाडांमधून चालत गेलं की जमिनीतून वर आलेले दगडाचे मोठमोठे गोल दिसतात. खांबाचे तुकडे आहेत ते. खाली अजून मूळ खडकाला जोडलेले. कारागीर खडकावर आधी वर्तुळ आखत आणि मग त्याच्याभोवती खोल चर खणत जात. चर एवढाच रुंद की एक माणूस आत उभा राहून हत्यार चालवू शकेल, त्याहून बोटभरही जास्त नाही, कारण जास्त खणणं म्हणजे फुकट मेहनत. काही गोल नुसतेच आखलेले आहेत, काही अर्धे सुटलेले, काही पूर्ण सोडवून बाजूला काढलेले. आणि काही वाटेवरच पडलेत, देवळाकडे निघालेले. ४०९ मध्ये हल्ल्याची बातमी आली आणि काम थांबलं ते कायमचं. चराच्या भिंतीवर टिकावाचे तिरके घाव जसेच्या तसे आहेत. एका घावापासून पुढच्या घावापर्यंत नजर ने, त्या माणसाच्या हाताची लय कळेल. आपल्या अजिंठ्याचं चोविसावं लेणं तू बघितलं आहेस. तिथेही खांब असेच अर्धे राहिलेत, आणि तिथेच तू मला विचारलं होतंस की छतापासून खाली कोरत यायचे की खालून वर. त्या प्रश्नामुळेच मला वाटतं की ही खाण तुझ्यासाठी आहे.

अग्रिजेन्तोला दोन रात्री ठेव. काँकॉर्डियाचं देऊळ इतकं शाबूत कसं, तर इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या अखेरीस त्याचं चर्च झालं आणि ते वापरात राहिलं. हेराच्या देवळाच्या दगडांवर लालसर डाग आहेत, ते ४०६ च्या जाळपोळीचे मानले जातात. दगड जवळून बघ, त्यात शिंपले दिसतील. समुद्राच्या तळाशी बनलेला दगड आहे तो, आणि एके काळी त्यावर पांढरा गिलावा होता. आपल्याला हा सोनेरी रंग मूळचा वाटतो, ग्रीकांनी तो झाकून टाकला होता. आवाराच्या पश्चिमेला झ्यूसच्या देवळाचे दगड विखुरले आहेत. त्यांच्या टोकांना इंग्रजी ‘यू’ अक्षरासारख्या खोल खाचा आहेत, दोर अडकवून दगड उचलायला केलेल्या. तिथे अगदी खाली बस आणि दोर कुठून शिरला, कुठून बाहेर पडला ते बोटाने चाचपून बघ. या देवळावर छत चढायच्या आधीच शहर पडलं.

पुढे सिरॅक्यूजकडे जाताना एकच अपवाद कर आणि पियात्सा आर्मेरिनाजवळचा रोमन वाडा बघ. तो आपल्या दहा वर्षांतला नाही, त्यानंतर सातशे वर्षांनी आला. पण जमिनीवर साडेतीन हजार चौरस मीटर रंगीत दगडी चित्रं आहेत. साठेक मीटर लांबीच्या पडवीत रानटी जनावरं पकडून जहाजावर चढवण्याचा सोहळा आहे. तिच्या एका टोकाला हत्ती आणि वाघ यांच्यामध्ये सावळी बाई बसली आहे. बरेच अभ्यासक तिला भारत मानतात, काही आफ्रिका म्हणतात. तिच्यासमोर मी बराच वेळ उभा होतो.

सिरॅक्यूजला तीन रात्री. खाणींत आधी जा. थ्युसिडिडीजच्या म्हणण्याप्रमाणे ४१३ मध्ये हरलेल्या अथेन्सच्या फौजेचे, सात हजारांहून कमी नव्हते असे कैदी इथल्या खाणींत कोंडले होते, आठ महिने, दिवसाला वाटीभर पाणी आणि दोन वाट्या धान्यावर. आज तिथे लिंबा-संत्र्यांची झाडं आहेत आणि हिवाळ्यात ती फळांनी लगडलेली असतात. दुसऱ्या दिवशी ओर्तिजिया बेटावरचं मुख्य चर्च. त्याच्या बाजूच्या भिंतीत अथीनाच्या देवळाचे खांब चिणलेले दिसतात, आणि आत गेलं की तेच खांब जवळून, हात लावता येईल असे. तिथे आजही पूजा चालते.

गाडीचं थोडक्यात. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढ, तो वर्षभर चालतो. सोबत मूळ लायसन्स हवंच. भाड्याची गाडी घेताना क्रेडिट कार्ड चालवणारीच्याच नावाचं लागतं आणि अनामतीची बरीच रक्कम त्यावर अडकून राहते. लहान गाडी घे, गावातल्या गल्ल्या आपल्या सदाशिव पेठेतल्या बोळांसारख्या आहेत. ताबा घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढून ठेव. तिथे वाहनं उजवीकडून चालतात, गिअर उजव्या हाताला येतो. पहिला तास मैत्रिणीला नुसतं ‘उजवीकडे’ म्हणत राहायला सांग. गावाबाहेर दिवसाही हेडलाइट चालू ठेवावे लागतात. पार्किंगच्या पांढऱ्या रेघा फुकट, निळ्या पैशाच्या, पिवळ्या राखीव. आणि ‘झेडटीएल’ अशी पाटी व लाल वर्तुळ दिसलं की आत शिरू नकोस. जुन्या वस्तीत परवानगीशिवाय गाड्यांना बंदी असते आणि कॅमेरा फोटो काढतो. मी एकदा शिरलो होतो, दंडाचा कागद कित्येक महिन्यांनी घरी आला. ओर्तिजियातही हीच बंदी आहे, गाडी बाहेर ठेवून चालत जा.

एटना ज्वालामुखी आणि त्याच्या बाजूचं ताओर्मिना मी खोडलं आहे. डोंगरावर बर्फ असतो, त्या रस्त्यांना हिवाळी टायर किंवा साखळ्या सक्तीच्या असतात, आणि दीड दिवस त्यातच जातो. डोंगरमाथ्यावरचं एरिचे गावही खोडलंय, हिवाळ्यात ते बहुतेकदा धुक्यात असतं.

जेवणाची काळजी करू नकोस, शाकाहारी माणसाचे तिथे हाल होत नाहीत. पालेर्मोच्या रस्त्यावर पानेल्ले मिळतात. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाण्यात घोटून शिजवतात, थापतात, कापतात आणि तळून पावात घालतात. पहिला घास घेतलास की पाटवडी आठवेल. जानेवारीत लाल रसाची संत्री रस्त्याच्या कडेला विकायला असतात, एक पिशवी गाडीत ठेवा.

कूसाला पोचलीस की एक काम माझ्यासाठी कर. कुठल्याही एका गोलाच्या चरात डोकावून त्याची रुंदी वितीने मोज, आणि त्या माणसाला हत्यार उगारायला जागा पुरत असेल का, ते तुझ्या अंदाजाने मला कळव. मी गेलो तेव्हा पाऊस होता, चरात पाणी साठलेलं होतं, मोजायचं राहून गेलं.

स्नेहपूर्वक,
तुझे सर