पोट बिघडले की कंबर का दुखते?

प्रश्न : माझे वय 38 असून मी सांगलीच्या मार्केट यार्डातील एका पेढीवर हिशेब लिहितो. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आयबीएसचे (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे वारंवार पोट दुखणे व शौचाच्या तक्रारी असलेला आतड्याचा विकार) निदान केले. पोट फुगले की कंबरेत कळ येते आणि शौचाला जाऊन आल्यावर ती ओसरते. एक्स-रे निर्दोष आहे. हे दुखणे मनाचे तर नाही ना? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही, आपले दुखणे खरे आहे. आतड्याकडून आणि पाठीकडून येणाऱ्या संवेदनांचे मार्ग मज्जारज्जूत एकत्र येतात, त्यामुळे वायूने ताणलेल्या आतड्याची वेदना कंबरेत जाणवू शकते. त्यातच या विकारात आतडे अधिक संवेदनशील झालेले असते. शौचानंतर कळ ओसरते, ही आपण नेमकी टिपलेली खूण म्हणूनच मोलाची आहे. तरी दिवसभर वाकून बसण्याचा ताण वेगळा असू शकतो, तोही डॉक्टरांना सांगा.

दोन आठवडे खाणे, शौच आणि कळ यांच्या वेळा वहीत लिहा. आपल्या सांगलीच्या भडंगात लसूण सढळ असतो, आणि कांदा-लसणातील फ्रुक्टान (न पचणारी कर्बोदके) अनेक रुग्णांच्या पोटात वायू धरतात. संध्याकाळच्या भडंगानंतर रात्री कंबर धरते का, हे त्या नोंदींतून दिसेल. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नयेत, कारण त्या जठराला आणि आतड्याला इजा करू शकतात.

मात्र शौचातून रक्त जाणे, विनाकारण वजन घटणे, दुखण्याने रात्री झोपमोड होणे किंवा सकाळी बराच वेळ आखडलेली कंबर हालचालीनंतरच मोकळी होणे, यांपैकी काही आढळल्यास पुन्हा तपासणी करून घ्यावी. लघवीवरचा ताबा सुटला किंवा पाय बधिर झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.