रत्नागिरीत जुन्या स्पोर्ट्स कारचा एसी चालत्या गाडीत गार, थांबल्यावर कोमट : उपाय काय?

आपण कळवल्याप्रमाणे आपल्या १९८९ च्या दोन आसनी गाडीत आर-१२ या जुन्या शीतक गॅसऐवजी आर-१३४ए हा नंतरचा गॅस भरलेला आहे आणि महामार्गावर गार येणारी हवा शहरातल्या साळवी स्टॉपला थांबताच कोमट होते, यावरून दोष बहुधा कंडेन्सरवरून (गॅसमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या, गाडीच्या पुढच्या जाळीवरून) वाहणाऱ्या हवेत आहे. खात्रीसाठी गाडी सावलीत उभी करून, एसी चालू ठेवून कंडेन्सरवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. आतली हवा लगेच गार झाली, तर निदान बरोबर आहे.

आर-१३४ए ला उष्णता बाहेर टाकण्यासाठी अधिक कार्यक्षम कंडेन्सर लागतो, आणि आपल्याकडची खारी हवा तर कंडेन्सरची ॲल्युमिनियमची पाती अक्षरशः खाऊन टाकते. टॉर्चच्या उजेडात पाहावे. पात्यांवर पांढरी भुकटी असेल आणि नख लावताच ती चुरत असतील, तर धुण्यात वेळ न दवडता पॅरलल फ्लो प्रकारचा (गॅस अनेक समांतर नळ्यांतून नेणारा) कंडेन्सर आणि जोरकस इलेक्ट्रिक पंखा बसवावा. माझ्या मते पैसे खर्च करण्याची खरी जागा हीच आहे.

सिस्टीम उघडलीच आहे तर रिसीव्हर ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी डबी) नवाच घालावा आणि किमान अर्धा तास व्हॅक्यूम करून, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून, घ्यावे, कारण कोकणातल्या दमट हवेतली ओल आत राहिली की एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (गॅसचा दाब उतरवणाऱ्या बारीक झडपेत) बर्फ धरतो. गॅस मूळ आर-१२ च्या वजनाच्या सुमारे ८० ते ८५ टक्केच भरावा. जास्त भरल्यास दाब वाढून गारवा उलट कमी होतो. हीटरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतो का, तेही पाहावे, नाहीतर गार हवा पुन्हा तापते, आणि पावसाळ्यात एसी चालवताना हवा रीसर्क्युलेशनवरच (आतलीच हवा फिरवण्यावर) ठेवावी.