फोर्ड मॉडेल टी टूरिंगला ड्रायव्हरच्या बाजूला दार का नसतं?

मॉडेल टी टूरिंग, म्हणजे फोर्ड कंपनीची जुनी उघडी मोटार, तिच्या फोटोत ड्रायव्हरच्या बाजूला दार दिसत नाही, ते बरोबरच आहे. अमेरिकेत बनलेल्या मॉडेल टी टूरिंगला पुढे डावीकडे दार नाहीच, पत्र्यावर नुसता दाराचा आकार उठवलाय, आणि ड्रायव्हर तर डावीकडेच बसतो, म्हणजे उजवीकडून चढायचं आणि सरकत सरकत स्टेअरिंगमागे जायचं. 1925 पर्यंत असंच चाललं, 1926 च्या मॉडेलला खरं दार आलं. कॅनडातल्या गाड्यांना मात्र ते आधीपासून होतं.

कारण त्या जागी हँडब्रेकचा उंच दांडा आहे. आणि तो नुसता ब्रेक नाही हो, अर्धी गाडी त्याच्यावर चालते! मी अमेरिकेत डिअरबॉर्नच्या ग्रीनफील्ड व्हिलेज या खुल्या संग्रहालयात या गाडीतून फेरी मारली तेव्हा हट्टाने पुढे बसलो, ड्रायव्हरचे पाय बघायला. पेडल तीन, पण अॅक्सिलरेटर एकही नाही, तो स्टेअरिंगखाली हाताने ओढायचा. डावं पेडल पूर्ण दाबलं की लो गिअर, अर्ध्यावर न्यूट्रल, सोडलं की हाय. मधलं रिव्हर्स, उजवं ब्रेक. दांडा मागे ओढला की मागच्या चाकांना ब्रेक लागतो आणि गाडी न्यूट्रलला येते, पूर्ण पुढे ढकलल्याशिवाय हाय गिअर पडतच नाही.

टूरिंग म्हणजे उघडी, दोन ओळींत पाच जणांची गाडी, वर घडीचा कापडी टप, पाऊस आला की बाजूला पडदे लावायचे. चाकांना लाकडी आरे. पुढे एक आणि मागे एक आडवा पाटा (स्प्रिंग), त्यामुळे खाचखळग्यात एक चाक वर गेलं तरी गाडी अडत नाही, शेतकऱ्यांनी उगाच नाही घेतली ती. 2.9 लिटरचं इंजिन, ताकद फक्त 20 हॉर्सपॉवर. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली, पंप नाही, पेट्रोल आपलं उतारानेच इंजिनकडे जातं, म्हणून टाकी कमी भरलेली असेल तर उभा चढ लोक रिव्हर्समध्ये चढायचे.

कधी हँडल मारायची, म्हणजे पुढचा दांडा हाताने फिरवून इंजिन चालू करायची वेळ आलीच तर डाव्या हाताने, वर ओढत मारा आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडतं. आणि त्याआधी हँडब्रेकचा दांडा मागे ओढलाय ना ते दोनदा बघा, नाहीतर ऑइल थंडीने घट्ट झालेलं असलं की गाडी चालू होताच हळूहळू तुमच्याच अंगावर यायला लागते.