सोडलेली मूठ परत येत नाही तेव्हा

सोयाबीनची मळणी लागली की या सदराकडे एक तक्रार हमखास वाढते. कोणी लिहितं, मोटारसायकलची रेस सोडली तरी मूठ मागे येत नाही. कोणी लिहितं, मूठ येते पण इंजिन ओरडतच राहतं. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि लोक दोन्हींवर एकच उपाय करतात, तो म्हणजे तेल. म्हणून या खेपेला सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतले आहेत.

आधी एक चाचणी सांगतो, पुढे ती लागेल. गाडी डबल स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा. मूठ पूर्ण फिरवा आणि एकदम सोडून द्या. कार्बोरेटरच्या आत स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघड-बंद करणारा सरकता तुकडा, खाली बसल्याचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. आता हँडल पूर्ण डावीकडे वळवून हेच करा, मग पूर्ण उजवीकडे वळवून करा. तिन्ही वेळा मूठ झटक्यात आणि स्वतःहून परत यायला हवी. एकदा जरी ती रेंगाळली, तरी गाडी रस्त्यावर नेऊ नका.

प्रश्न : मुठीवर नवीन जाड फोमची ग्रिप बसवली. तेव्हापासून मूठ जड झाली आहे. (दारव्हा तालुका)

ग्रिप हँडलच्या टोकाला घासते आहे. तिथे नखभर फट ठेवा; जमत नसेल तर कंपनीची जुनी ग्रिप परत बसवा.

प्रश्न : भाऊ, थंडीत सकाळी मूठ लय जड फिरते, ऊन पडलं का मोकळी होते. वायरमधी खोबरेल तेल सोडलं तरी असं काऊन होते? (मेहकर)

खोबरेल सोडलं म्हणूनच होतं. खोबरेल तेल 24 अंशांच्या आसपास गोठतं. घरातली बाटली डिसेंबरच्या सकाळी उन्हात ठेवावी लागते, तेच तेल तुम्ही केबलच्या बारीक नळीत भरलंत. जवसाचं तेल घालणारे तर त्याहून नुकसान करतात, कारण ते हवेत सुकून चिकट थर धरतं. इंजिनमधून काढलेल्या जळक्या ऑइलमध्ये काजळी आणि धातूचा बारीक कीस असतो. ग्रीस धूळ पकडून ठेवतं, आणि आपल्या पांदण रस्त्यावरची काळ्या मातीची धूळ ग्रीसमध्ये कालवली की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखी ती तार आणि नळी दोन्ही खाते. कोणीतरी सांगितलं म्हणून काहीही ओतायचं, हे बंद करा.

आजकालच्या बऱ्याच केबलींना आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. त्यांना तेल लागत नाही. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत तेल द्यायला सांगितलं असेल, तरच केबल कार्बोरेटरकडून सोडवून वरच्या टोकातून पातळ मशीन ऑइलचे थेंब सोडावेत. खोबरेल गेलेली केबल धुऊन वाचवत बसू नका. मिस्त्रीकडून नवीन टाकून घ्या.

प्रश्न : मूठ कधीकधी अडकते, पण हाताने मागे फिरवली की येते. मळणी आटोपली की दाखवतो. तोवर चालेल ना? (कारंजा)

नाही चालणार.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त काळजीत टाकतो, म्हणून सविस्तर लिहितो. ‘हाताने येते’ या शब्दांवर तुमचा जो भरवसा आहे, तो चुकीचा आहे. गावात चालणाऱ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना रेसची एकच केबल असते. केबल फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. मूठ फिरवली की ती स्लाइड वर ओढते. स्लाइड खाली आणण्याचं काम कार्बोरेटरमधल्या स्प्रिंगचं. आज तुमची अडचण मुठीत किंवा केबलच्या वरच्या टोकाला आहे, म्हणून हाताने मागे फिरवल्यावर इंजिन उतरतं. उद्या स्लाइडच वर अडकली, तर मूठ हाताने कितीही मागे फिरवा, केबल नुसती सैल पडेल आणि इंजिन त्याच वेगात राहील. (मोठ्या गाड्यांना बंद करणारी दुसरी केबल असते. तुमच्या गाडीला ती आहे असं गृहीत धरू नका.)

मुठीजवळचा कप्पा उघडून पाहिला तर बहुधा असं दिसतं : केबलच्या टोकाला जी छोटी धातूची गोळी असते, तिच्या गळ्याशी तारेचे एक-दोन धागे तुटलेले असतात. रेस थोडी दिली तर ते धागे नळीच्या आतच राहतात आणि काही कळत नाही. मूठ पूर्ण उघडली की तुटलेला धागा नळीच्या तोंडाबाहेर येतो, पिंजारतो आणि परतताना आत शिरत नाही. म्हणजे ही केबल नेमकी पूर्ण रेसवर अडकते. पूर्ण रेस आपण कधी देतो? कापसाने भरलेल्या ट्रॉलीला मागे टाकताना, समोरून एसटी येत असताना. ‘कधीकधी अडकते’ याचा अर्थ हा आहे. आणि धागा आपोआप जुळत नाही. आज दोन तुटलेत, मग चार तुटतील.

आणखी एक गोष्ट. गावात गाडी एकट्याची नसते. ‘भाऊ, दे जरा गाडी, बाजारातून येतो’ म्हणत शेजारी नेतो, पुतण्या नेतो, मागे घरची माणसं बसतात. मूठ हाताने मागे फिरवायची सवय तुमच्या मनगटाला आहे, त्यांच्या नाही. टाकीवर युरियाची 45 किलोची गोणी आडवी घेतली की केबल दबते आणि हँडलही पुरतं वळत नाही, तेव्हा तर तुमच्या मनगटालाही वाव उरत नाही.

मळणी थांबवा असं मी म्हणत नाही. गाडी थांबवा. केबल काही शे रुपयांत येते आणि बदलायला मिस्त्रीला फार वेळ लागत नाही. मिस्त्री लांब असेल तर त्याला गावात बोलवा, नाहीतर गाडी ट्रॉलीत टाकून न्या. चालवत नेऊ नका. ‘बाजाराच्या दिवशी दाखवतो’ असंही नको. चावी काढून घरात ठेवा आणि घरच्यांना कारण सांगा.

प्रश्न : चालत्या गाडीत रेस अडकली तर नेमकं काय करावं? चिखलदऱ्याचा घाट उतरताना एकदा असं झालं. (परतवाडा)

क्लच पूर्ण दाबा, दोन्ही ब्रेक लावा, किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) बंद करा. शंभर सीसीच्या अनेक जुन्या गाड्यांना किल स्विच नसतो. तिथे चावी फक्त ऑफवर न्या, लॉककडे नाही. क्लच दाबल्यावर इंजिन किंचाळेल. इंजिन फुटेल या भीतीने क्लच सोडू नका. सोडलात तर गाडी पुढे झेपावते. बिनगिअरच्या स्कूटरला आणि एक्सएल मोपेडला क्लचचा दांडाच नाही, तिथे ब्रेक आणि चावी एकदमच. गाडी थांबल्यावर ‘आता ठीक दिसते’ म्हणत पुन्हा सुरू करून घाट उतरू नका. ज्या कारणाने ती अडकली ते कारण अजून गाडीतच आहे. तुमच्या पत्रात पुढे काय दुरुस्ती केली ते लिहिलेलं नाही. केली नसेल तर आजच मिस्त्रीला दाखवा.

प्रश्न : दुकानदार म्हणतो पूर्ण कार्बोरेटर बदला, एकदाची कटकट जाईल. बदलू का? (हिंगणघाट)

आधी त्याला विचारा की अडकतंय कुठे. केबल कार्बोरेटरकडून सोडवायला लावा आणि मूठ फिरवून बघा. तरीही जड असेल तर दोष मुठीत किंवा केबलमध्ये आहे, कार्बोरेटरचा संबंध नाही. मूठ मोकळी फिरली तर स्लाइड आणि स्प्रिंग बाहेर काढून तुमच्यासमोर दाखवायला सांगा. स्लाइडवर उभे ओरखडे असतील, बोटाच्या नखाला लागत असतील, तर बदल रास्त आहे. हे न करता जो थेट हजारांचा खर्च सांगतो, तो तुमचं दुखणं शोधत नाही, आपला माल खपवतो. काढलेला जुना भाग परत मागा.

केबल घेतानाही गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगून, कंपनीच्या पाकिटातलीच घ्या. ‘सगळ्या गाड्यांना चालते’ म्हणून जी विकतात, तिची लांबी थोडी कमी निघाली तरी हँडल वळवल्यावर ती ताणली जाते आणि रेस आपोआप वाढते. बसवल्यावर मुठीला साधारण 2 ते 6 मिलिमीटर मोकळी फिरकी राहिली पाहिजे. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. ती राहिल्याशिवाय दुकानातून निघू नका.

प्रश्न : घरीच कार्बोरेटर साफ केला. किक मारताच इंजिन फुल रेसवर गेलं. (आर्णी)

स्लाइडची खाच आतल्या पिनवर बसलेली नाही, किंवा स्लाइड उलटी बसली आहे. स्लाइडचा कापलेला भाग एअर फिल्टरच्या बाजूला हवा. वरचं झाकण लावल्यावर किक मारण्याआधीच ‘टक्’ची चाचणी करायची असते. आता किक मारू नका. स्लाइडला पॉलिश पेपर लावला असेल तर तेही मिस्त्रीला सांगा, लपवू नका. आणि फाटलेल्या एअर फिल्टरऐवजी फडकं बांधलं असेल तर आधी तो फिल्टर बदला, कारण मळणीचा भुसा आणि धूळ तिथूनच स्लाइडपर्यंत पोहोचते.

प्रश्न : मूठ बरोबर परत येते, पण रेस खाली यायला वेळ लागतो. उन्हाळ्यात जास्त. (वर्धा जिल्हा)

केबलला हात लावू नका. चोक ओढलेला राहिला आहे का ते बघा. नसेल तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला बहुधा चीर गेली आहे. आपल्याकडच्या 45 अंशांत ते रबर कडक होऊन तडकतं आणि तिथून जादा हवा आत जाते. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडून गळती शोधायची पद्धत काही जण दाखवतात. ती आग लावणारी आहे. आयडलिंगचा स्क्रू पिळून आवाज कमी करणं म्हणजे दोष झाकणं. मिस्त्रीकडून रबर तपासून घ्या.

प्रश्न : माझी गाडी 2021 ची आहे. त्यालाही हेच लागू का? (पुसद)

मूठ आणि केबलपुरतं लागू. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हा धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम आला आणि बहुतेक मोटारसायकलींतून कार्बोरेटर गेला. त्या जागी थ्रॉटल बॉडी आहे, आत गोल पाती आणि तिची जागा मोजणारा सेन्सर. पातीच्या अडकणीचा स्क्रू फिरवू नका, आत स्प्रे मारू नका. ज्याच्याकडे स्कॅनर आहे अशा सर्व्हिस सेंटरलाच दाखवा.