डायरीत होतं, जॉब कार्डावर नव्हतं

चि. पोरीस अनेक आशीर्वाद,

परवा तुझ्या बाबांचा फोन आला. तुला चार्जमन, म्हणजे कारागिरांवरची सुपरवायझर, म्हणून एव्हिऑनिक्स शॉप, विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रं दुरुस्त करणारा विभाग, मिळालं, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. पेढे पोचले. डिप्लोमाला असताना तू माझ्याकडे सोल्डरिंग शिकायला यायचीस, आणि आता तुझ्या हाताखाली पंधरा माणसं, त्यातली निम्मी तुझ्या बाबांच्या वयाची. 'काका, पहिल्या दिवशी काय करू?' असं तू विचारलंस तेव्हा मी नुसतं 'सांगतो' म्हणालो. दोन वाक्यांत बसणारं ते उत्तर नाही, म्हणून लिहायला बसलो.

नाशिकजवळच्या आपल्या ओझरला विमानांची सवय आहे. १९६४ मध्ये मिग-२१ बनवण्यासाठी तिथे कारखाना आला, हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपोही तिथलाच. ८ मार्च २०२४ ला हिंडनला राष्ट्रपतींच्या हस्ते या डेपोला कलर्स, म्हणजे सन्मानाचा ध्वज, मिळाले, त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या तीन निवृत्त कारागिरांच्या घरी गोडाचं जेवण होतं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडहून मिग-२१ ला निरोप दिला तोही मी टीव्हीवर पाहिला. सगळे विमानाकडे बघत होते. मला त्याच्या पोटातले इलेक्ट्रॉनिक यंत्रांचे डबे दिसत होते. प्रत्येक डब्याचा एक सिरीयल नंबर, प्रत्येक नंबरामागे कुणीतरी बेंचवर मान घालून बसलेला माणूस.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. कुठल्या ठिकाणची ते लिहीत नाही, नाशिकची नाही एवढं पुरे. मी शॉपचा इन्चार्ज होऊन वर्षही झालं नव्हतं. एका स्क्वाड्रनकडून, म्हणजे विमानांच्या तुकडीकडून, रेडिओ अल्टिमीटरचा, जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या यंत्राचा, एक बॉक्स आला. स्नॅग, म्हणजे नोंदवलेली तक्रार, असा की उड्डाणात मध्येच उंचीचं रीडिंग जातं आणि परत येतं. आम्ही तो तपासणीच्या बेंचवर लावला, विमानात मिळते तशी ११५ व्होल्ट ४०० हर्ट्झची वीज दिली, सगळ्या टेस्ट पास. 'नो फॉल्ट फाउंड' लिहून सर्व्हिसेबल, म्हणजे वापरायला योग्य, असा टॅग बांधला. दीड महिन्यानं तोच बॉक्स परत आला, तोच स्नॅग. पुन्हा पास. या वेळी बेंचवरचे वयस्क टेक्निशियन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "साहेब, अर्धा तास चालला की याच्या कडेला हात ठेवल्यावर सुई किंचित लवते. रोज नाही लवत." महिनाअखेर होती, डिस्पॅचचा, दुरुस्त डबे परत पाठवायचा, आकडा पुरा करायचा होता. मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "मला रीडिंग दाखवा, लवणं-बिवणं नको." ते गप्प बसले. डबा गेला.

तिसऱ्या वेळी रात्रीच्या उड्डाणात, डोंगराळ भागात, खालच्या उंचीवर रीडिंग गेलं. वैमानिकानं विमान वर घेतलं आणि सुखरूप परत आणलं. तो शहाणा होता म्हणून आज हे पत्र मी शांतपणे लिहू शकतो.

मग आम्ही तो बॉक्स हीट चेंबरमध्ये घातला, तापवला, रबरी हातोडीनं हलकेच ठोकला, आणि रीडिंग गेलं. पॉवर सप्लायचं कार्ड, म्हणजे सर्किटची पाटी, काढून दहापट भिंगाखाली धरलं. कनेक्टरच्या एका पिनेभोवती सोल्डरमध्ये गोल चीर होती, केसाहून बारीक, पिनेला अंगठी घातल्यासारखी. थंड असताना दोन्ही बाजू एकमेकींना टेकलेल्या, वीज जाते, टेस्ट पास. गरम झालं की पिन आणि कार्ड वेगवेगळं फुगतं आणि अंगठी सुटते. आमचा बेंचवरचा टेस्ट वीस मिनिटांत संपायचा. तोवर डबा तेवढा तापायचाच नाही.

चौकशीत त्या टेक्निशियननी खिशातली डायरी काढली. पहिल्या खेपेचीच तारीख, सिरीयल नंबर आणि पुढे पेन्सिलीनं, 'गरम झाल्यावर शंका.' डायरीत होतं, जॉब कार्डावर नव्हतं. पहिल्या वेळी त्यांना वाटलं खात्री नाही, दुरुस्तीच्या त्या अधिकृत नोंदीत कशाला लिहा. दुसऱ्या वेळी मी तोंड बंद केलं. ती डायरी माझ्या टेबलावर उघडी पडलेली मला अजून दिसते.

पोरी, तुला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. डबे दुरुस्त करणारे हात तुझ्याकडे आहेत आणि ते तुझ्यापेक्षा चांगले आहेत. त्या हातांना जे कळतं ते कागदावर आणणं, हे तुझं काम. बाकीचं सगळं यातूनच निघतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २३ फेब्रुवारी २००८ ला ग्वाम बेटावर अमेरिकी हवाई दलाचं एक बी-२ बॉम्बर उड्डाण घेता घेता कोसळलं. दोन्ही वैमानिक इजेक्ट होऊन वाचले. हवेचा दाब मोजणाऱ्या २४ सेन्सर युनिटांपैकी तिघांमध्ये ओलावा शिरला होता, आणि त्या ओल्या अवस्थेतच त्यांचं कॅलिब्रेशन केलं गेलं. नंतर हीटर चालू झाले, ओलावा गेला, आकडे चुकले. कॉम्प्युटरला वाटलं विमानाचं नाक खाली चाललंय, त्यानं ते वर उचललं. नुकसान सुमारे १४० कोटी डॉलर. पण माझी झोप उडवली ती पुढच्या गोष्टीनं. कॅलिब्रेशनच्या आधी हीटर लावून सेन्सर वाळवून घ्यायचे, ही युक्ती तिथल्या काही लोकांना दोन वर्षं आधीपासून माहीत होती. ती मॅन्युअलमध्ये कुणी घातली नव्हती. त्या दिवशी काम करणाऱ्यांना ती माहीत नव्हती.

म्हणून पहिल्या आठवड्यात एकच कर. शॉपमधली मॅन्युअल्स उघड आणि समासातल्या पेन्सिलीच्या खुणा वाच. आपल्याकडची बरीच पुस्तकं रशियनवरून इंग्रजीत आलेली, जुन्या लोकांनी अडलेल्या जागी समासात काय काय लिहून ठेवलेलं असतं. जे खरं निघेल ते रीतसर दुरुस्तीसाठी वर पाठव. खुणेच्या भरवशावर काम चालू ठेवू नकोस, आणि खूण खोडूही नकोस. उत्तर यायला महिने लागतील. तरी पाठव.

त्या वयस्क माणसांशी बोलताना 'अहो'च म्हण, काका-दादा म्हण, पण जॉब कार्डाच्या बाबतीत नातं आड येऊ देऊ नकोस. खात्री नसलेली गोष्ट लिहायला माणसं घाबरतात, कारण पुढे तीच आपल्या अंगाशी येईल असं वाटतं. तू सांगून टाक की 'शंका' हा शब्द चालेल. आणि ज्या दिवशी कुणी शंका लिहिल्यामुळे डिस्पॅच अडेल, त्या दिवशी वरच्यांसमोर तूच उभी राहा, त्या माणसाला पुढे करू नकोस. तुझ्या पहिल्या सहा महिन्यांत हा प्रसंग येईलच. तेव्हा तू काय करतेस ते सगळं शॉप बघत असेल, आणि त्यानंतरची दहा वर्षं लोक त्यावरूनच ठरवतील की तुला सांगायचं की डायरीत ठेवायचं.

बॉक्सचा इतिहास विमानाच्या नंबरानं नको, बॉक्सच्या सिरीयल नंबरानं ठेव. डबा आज या विमानात, उद्या त्या विमानात असतो. विमानाच्या नावानं शोधलंस तर प्रत्येक वेळी तो नवा पाहुणा वाटेल. तोच डबा तोच स्नॅग घेऊन दुसऱ्यांदा आला आणि बेंचवर पास झाला, तर सही करू नकोस. स्क्वाड्रनला फोन लाव. चढताना गेलं की उतरताना? किती वेळानं? त्या वेळी रडार चालू होतं का? स्नॅगच्या एका ओळीत यातलं काहीच नसतं. शक्य असेल तर वैमानिकाशीच बोल, ते आनंदानं सांगतात. आम्हाला वाटायचं ते ऑफिसर, आपण कसं विचारायचं. ती चूकच होती.

एका डब्यातलं कार्ड काढून दुसऱ्यात घालून काम भागवायची वेळ येईल, सुटे भाग मिळत नाहीत तेव्हा सगळेच करतात. परवानगी घेऊन कर, आणि दोन्ही डब्यांच्या जॉब कार्डावर लिही. नाहीतर एकाचा आजार दुसऱ्याच्या नावावर जातो.

बेंचवरही आंधळा विश्वास नको. शॉपमध्ये सगळ्यात जास्त वेळा लागणारा-निघणारा कनेक्टर बेंचच्या केबलचा असतो, आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. महिन्याला त्याच्या पिना भिंगाखाली बघ. एक चांगला ठरलेला बॉक्स बाजूला ठेव, शंका आली की आधी तो बेंचवर लाव. तोही फेल झाला तर दोष कुठे आहे ते कळलं.

आणखी एक, आपल्या भागाचं. निफाडची थंडी तुला ठाऊक आहे. पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, हवा कोरडी होते, लोकरी स्वेटर घालून माणसं शॉपमध्ये येतात. अंगावरची स्टॅटिक वीज सुमारे तीन हजार व्होल्टच्या खाली आपल्याला जाणवतसुद्धा नाही, आणि काही चिप्स शंभर व्होल्टलाही दुखावतात. दुखावतात म्हणतो, मरत नाहीत. मेलेली चिप बेंचवर सापडते, दुखावलेली चिप टेस्ट पास करून विमानात जाते. अंगावरची ती वीज जमिनीत सोडणारा मनगटाचा पट्टा रोज सकाळी टेस्टरवर तपासायचा असतो, रजिस्टरमध्ये रोज सही करायची असते. सोमवारी एकदम आठवड्याच्या सह्या झालेल्या दिसल्या तर आरडाओरडा करू नकोस. दुसऱ्या दिवशी साडेसातला स्वतः टेस्टरपाशी जाऊन उभी राहा, सगळ्यांत आधी तुझा पट्टा तपास. पावसाळ्यात उलट, तेव्हा कनेक्टरमधला ओलावा बघ. बी-२ आठव.

शिफ्ट बदलताना दहा मिनिटं दोन्ही बाजूंची माणसं बेंचपाशी उभी असू देत. अर्धवट सोडलेल्या कामावर टॅग असावा, आणि कुठला स्क्रू हातानं नुसता बसवलाय, टॉर्क दिलेला नाही, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळलेला नाही, ते त्यावर लिहिलेलं असावं. एखादं टूल बोर्डावरच्या जागी नसेल तर ते मिळेपर्यंत एकही डबा दाराबाहेर जाणार नाही. यावर चर्चा नको.

मला फोन कर, जरूर कर. पण तुझ्या शॉपमधल्या कुठल्या डब्याचा नंबर, कुठल्या स्क्वाड्रनचं नाव मला सांगू नकोस. माणसांच्या अडचणी सांग, तेवढ्यावर मी बोलू शकतो.

ते टेक्निशियन निवृत्त झाले तेव्हा मी त्यांच्या गावी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा केला, आणि ज्या भिंगाखाली ती अंगठी दिसली होती ते स्वतःचं भिंग मला दिलं. तुझे बाबा रविवारी येणार आहेत, त्यांच्याबरोबर ते पाठवतो. डाव्या कडेला काचेवर एक ओरखडा आहे. उजव्या बाजूनं बघत जा.

तुझा,
काका