टेस्टचे पैसे वाचवू नका, ‘स’ आणि ‘श’ तिथेच फाटतात

प्रश्न : नमस्कार सर, मी १० मिनिटांची ब्लॅक अँड व्हाइट शॉर्टफिल्म केलीये, १६ एमएमवर. साउंड मिक्स कॉम्प्युटरवर तयार आहे, आता प्रिंटवर ऑप्टिकल ट्रॅक हवाय. लॅबवाले म्हणतात आधी क्रॉस-मॉड टेस्ट करा, त्याचे पैसे वेगळे. टेस्ट टाळली तर चालेल का? आणि आवाज २६ फ्रेम पुढे असतो म्हणतात, तो मीच सरकवून द्यायचा का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : टेस्ट अजिबात टाळू नका, पैसे दुसरीकडे कुठेतरी वाचवा. ऑप्टिकल ट्रॅक म्हणजे आवाजाचा फोटोच की, आणि १६ एमएमवर त्याला जागा फार कमी मिळते. फिल्म मिनिटाला ३६ फूट पळते म्हणजे सेकंदाला जेमतेम १८ सेंटिमीटर, त्यात ५००० हर्ट्झचा आवाज बसवायचा तर एकेक लाट ०.०४ मिलिमीटरपेक्षाही लहान होते. एवढ्या बारीक लाटेत प्रकाश इमल्शनमध्ये, म्हणजे फिल्मवरच्या प्रकाश टिपणाऱ्या थरात, जरासा पसरला तरी खाचा बुजतात, आणि स, श, च हे सगळे खरखरायला लागतात.

पण गंमत अशी की हे पसरणं दोनदा होतं. निगेटिव्हमध्ये काळा भाग फुगतो, मग प्रिंट काढताना निगेटिव्हचा पारदर्शक भाग प्रिंटवर काळा होऊन तोही फुगतो, म्हणजे उलट्या बाजूने. दोन्ही सारखे जुळले की एकमेकांना खोडतात. म्हणून निगेटिव्ह नुसती बघून चांगली की वाईट ते ठरवता येत नाही, प्रिंटसोबतच ठरतं. टेस्टमध्ये एका वरच्या सुराची पातळी सेकंदाला ४०० वेळा कमी-जास्त करून तो वेगवेगळ्या डेन्सिटीच्या (म्हणजे काळेपणाच्या) निगेटिव्हवर घेतात, सगळ्यांची प्रिंट एकाच डेन्सिटीला काढतात, आणि ज्या तुकड्यात ४०० हर्ट्झची गुणगुण सगळ्यात कमी ऐकू येते ती डेन्सिटी तुमची. मी एकदा घाईत हे न करता अख्खी प्रिंट काढली होती, मिक्स एकदम स्वच्छ होता तरी बाईंच्या आवाजातला प्रत्येक ‘स’ फाटला, फार वाईट वाटलं. आणि हो, टेस्ट ज्या लॅबमध्ये, ज्या प्रिंट स्टॉकवर केली तिथेच फायनल प्रिंट काढा, नाहीतर तो आकडा काही कामाचा नाही.

२६ फ्रेम तुम्ही सरकवू नका!! प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, म्हणजे चित्र पडतं त्या खिडकीत, फिल्म थांबत थांबत जाते आणि आवाज वाचला जातो त्या साउंड ड्रमवर ती सलग पळावी लागते, म्हणून दोन जागा वेगळ्या, आणि ते अंतर लॅब प्रिंट काढताना धरते. तुम्हीही सरकवलंत तर ओठ आणि आवाज सेकंदभर चुकतील. तुम्ही फक्त पहिल्या फ्रेमच्या बरोब्बर २ सेकंद आधी एका फ्रेमची बीप टाका, लॅब त्यावरून जुळवते.

मिक्स मोनो (एकाच चॅनेलचा) करा, ६००० हर्ट्झच्या वरचं आधीच उतरवा, डी-एसर (‘स’, ‘श’ची धार कमी करणारा फिल्टर) लावा. आणि टेस्टची प्रिंट आली की ज्या प्रोजेक्टरवर शो करणार त्याच्यावरच ऐका.